सुटीवर जाताना घर आणि स्वतःला सुरक्षित कसे ठेवावे

बंद घर फोडले जाते ते कुलूप कच्चे असल्यामुळे कमी आणि घर बंद असल्याचे नको त्या माणसाला कळल्यामुळे अधिक. ठाणे आणि नवी मुंबईत ही माहिती वर्षातून तीनदा जवळजवळ जाहीरच असते: मे महिन्याच्या सुटीत, गणपतीत आणि दिवाळीत. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत खोपटच्या एसटी स्थानकाबाहेर आणि पनवेलच्या फलाटांवर सामान घेऊन उभी असलेली गर्दी पाहिली, की वागळे इस्टेटपासून नेरुळपर्यंत किती दारांना कुलपे लागली असतील याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. म्हणून बॅगा भरायला घेण्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी: आपण बाहेरगावी चाललो आहोत हे नेमके कोणाला सांगायचे आणि कोणाच्या कानावर जाऊ द्यायचे नाही. पुढची बहुतेक काळजी या एका निर्णयातूनच निघते.

दारावरच्या खुणा

घर बंद असल्याची पहिली बातमी दाराची कडी देते. रोजची फुलपुडी थांबवायची राहून गेली, तर फुलवाला ती सवयीने सेफ्टी डोअरला अडकवून जातो. चौथ्या दिवशी तिथे तीन-चार पुड्या लोंबकळत असतात, सर्वांत जुन्या पुडीतली शेवंती काळी पडून पानाला चिकटलेली असते आणि जाळीत खोचलेल्या वर्तमानपत्रांची जाड गुंडाळी झालेली असते. जिन्याने वर येणाऱ्या माणसाला याहून स्पष्ट पाटी लागत नाही. दूध, वर्तमानपत्र, फुले आणि डबा या चारही गोष्टी निघण्याच्या किमान दोन दिवस आधी बंद करून त्या खरोखर बंद झाल्याची खात्री करावी. बंद करताना परतीची तारीख सांगण्याचे कारण नाही. “मी फोन करेन तेव्हा पुन्हा सुरू करा” एवढे पुरते. ऑनलाइन मागवलेली एखादी वस्तू त्याच आठवड्यात येणार असेल, तर तिची तारीख पुढे ढकलावी किंवा ती शेजाऱ्यांच्या पत्त्यावर वळवावी.

घरात माणसे आहेत असे भासवण्यासाठी बरेच जण पॅसेजमधला दिवा लावून जातात. रात्री तो कामाचा असतो, पण भर दुपारी जळणारा दिवा घरात कोणी नसल्याचेच सांगतो. टायमरचा प्लग घेऊन संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत एक दिवा आपोआप लागेल अशी सोय केली, तर हा दोष राहत नाही. पडदे रोज जसे असतात तसेच ठेवावेत. बाविसाव्या मजल्यावर राहणाऱ्याला बाल्कनीतल्या रिकाम्या दोरीची चिंता करण्याचे कारण नाही, मात्र वाशी-नेरुळच्या रो हाउसमध्ये किंवा नौपाड्यातल्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोरी, अंगणातला पाचोळा आणि फाटकापाशी पडलेली पत्रके रस्त्यावरून दिसतात. अशा ठिकाणी शेजाऱ्यांनी एखादा टॉवेल वाळत घातला, आपल्या जागेत त्यांची गाडी लावली आणि दोन दिवसांआड फाटकासमोर झाडू फिरवला, तर त्याचा उपयोग महागड्या कुलपाइतका होतो.

एक गोष्ट मात्र उंच इमारतींतही विसरू नये. रंगकाम किंवा दुरुस्तीसाठी इमारतीला परांची बांधलेली असेल, तर पाचवा मजलाही तळमजल्यासारखाच असतो. परांची उभी असताना बाल्कनीचे दार आणि स्वयंपाकघराची खिडकी आतून कडी घालून बंद केल्याशिवाय बाहेर पडू नये, आणि शक्य असेल तर सुटीची तारीखच बदलावी.

कोणाला सांगावे

सांगण्याजोगी माणसे तीनच: एक विश्वासू शेजारी, सोसायटीचे सचिव आणि स्थानिक पोलीस ठाणे. शेजाऱ्यांना परतीची तारीख, प्रवासातला फोन क्रमांक आणि ठाण्या-मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाचा क्रमांक लिहून द्यावा, कारण अडचण रात्री येते आणि तेव्हाच नेमके कोकणात नेटवर्क नसते. पोलिसांना कळवताना आपण कोणत्या हद्दीत येतो ते पाहावे. ठाणे आणि नवी मुंबईची पोलीस आयुक्तालये वेगळी आहेत, त्यामुळे कळवा आणि ऐरोली एकमेकांना लागून असले तरी दोन्हीकडची पोलीस ठाणी वेगवेगळ्या आयुक्तालयांत मोडतात. सुटीच्या हंगामात बाहेरगावी जाणाऱ्यांनी कळवून जावे, असे आवाहन पोलीस नेहमी करतात, पण ते मनावर घेणारे थोडे. पत्ता, तारखा आणि संपर्क लिहिलेला साधा अर्ज दिला, तर रात्रीच्या गस्तीला निदान कोणत्या गल्लीत पाहायचे ते समजते.

सोसायटीला कळवणे वेगळे आणि सोसायटीभर कळणे वेगळे. काही सोसायट्यांत बंद असलेल्या फ्लॅटचे क्रमांक वॉचमनच्या केबिनमधल्या फळ्यावर खडूने लिहितात. हेतू चांगला असतो, पण नोंदवहीत सही करायला वाकणारा प्रत्येक डिलिव्हरीवाला तो फळा वाचतो. हे क्रमांक वहीच्या आतल्या पानावर लिहावेत, हा विषय सचिवांकडे काढायला संकोचू नये. प्रवेशासाठी ॲप असेल, तर निघण्यापूर्वी त्यावर आधीच दिलेल्या सगळ्या परवानग्या रद्द कराव्यात. “आम्ही चौदा तारखेपर्यंत नाही, कोणी पार्सल घेईल का?” असा निरोप सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे टाळावे. त्या गटात कधीचे सोडून गेलेले भाडेकरू असतात, दलाल असतात आणि कोणाच्याच ओळखीचे नसलेले काही क्रमांक असतात.

घरकामाला येणाऱ्या ताईंना सुटी सांगावीच लागते. त्यांच्याविषयी संशय धरण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे ती अन्यायाची आहे. पण “अमक्यांकडे पंधरा दिवस सुटी आहे” हे वाक्य रिक्षात, नळावर, दुसऱ्या घरी सहज बोलले जाते, म्हणून हे कुठे बोलू नका, असे त्यांना मोकळेपणाने सांगावे. किल्ली देणारच असाल तर ती एकाच हातात द्यावी आणि तिला फ्लॅटचा क्रमांक लिहिलेली चकती लावू नये. चपलांच्या कपाटातला, कुंडीखालचा आणि मीटरच्या पेटीमागचा किल्लीचा कोपरा सगळ्या जगाला ठाऊक आहे.

आणि मग स्वतःचा फोन. समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो स्टेटसला ठेवायचा असेल तर परतल्यावर ठेवावा. चार दिवसांनी फोटो शिळा होत नाही. घरातल्या मुलांनाही हे आधीच सांगून ठेवावे, कारण मोठ्यांनी पाळलेले पथ्य त्यांच्या एका स्टोरीने मोडते. तिकिटाचा किंवा बोर्डिंग पासचा फोटो तर कधीच टाकू नये. त्यावरचा पीएनआर, म्हणजे आरक्षणाचा क्रमांक, आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच ठिकाणी आरक्षण उघडून पाहता येते. स्टेशनला सोडणाऱ्या कॅबमध्येही परतीचा दिवस मोठ्याने बोलू नये. चालकाने आपल्याला नुकतेच दारातून उचललेले असते.

कुलूप, कपाट आणि लॉकर

घरफोडीच्या बातम्यांत ‘कडीकोयंडा तोडून’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि त्याचा अर्थ कुलूप शाबूत राहून ते ज्यात अडकवले तेच उखडले गेले असा असतो. लाकडी चौकटीत दोन आखूड स्क्रूंवर बसवलेला कोयंडा पहारीच्या एका हिसक्यात निघतो. कोयंडा आरपार बोल्टने बसवून घ्यावा. त्याहून बरे म्हणजे दारात बसणारे सात लिव्हरचे कुलूप, जे बाहेर लोंबकळत नाही आणि म्हणून घर बंद असल्याचे सांगतही नाही. लॅचचे दार नुसते ओढून घेऊन जाणे म्हणजे ते उघडे ठेवण्यासारखेच आहे. ज्या लॅचला किल्लीने पूर्ण आटे देण्याची सोय आहे, त्याला ते दिल्यावरच त्याची जीभ मागे सरकवता येत नाही. बाथरूमच्या खिडकीतल्या काचेच्या पट्ट्या बाहेरून एकेक करून काढता येतात, आणि जुन्या इमारतींत ती खिडकी नेमकी ड्रेनेजच्या पाइपाशेजारी असते. तिथे आतून लोखंडी जाळी बसवणे हा अगदी किरकोळ खर्च आहे. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेत तिच्या मापाची लाकडी पट्टी टाकली की ती बाहेरून सरकत नाही.

कॅमेऱ्याबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. चोर आला हे कॅमेरा दाखवतो. त्याला अडवायला माणूस लागतो. दापोलीत बसून मोबाइलवर आपल्या दाराशी उभा असलेला अनोळखी माणूस दिसला आणि त्या क्षणी वर जाऊन पाहणारे कोणी नसेल, तर त्या चित्राचा उपयोग पुढे तपासापुरताच होतो. कॅमेरा लावलाच असेल तर त्याचा मूळ पासवर्ड बदलावा आणि राउटर चालू ठेवण्यासाठी त्याचे बटण बंद करू नये.

दागिन्यांच्या बाबतीत आपण भाबडे असतो. लोखंडी कपाटाची किल्ली वरच्या कप्प्यात, पैठणीच्या घडीखाली ठेवण्याची रीत इतकी जुनी आहे की चोर कपाट फोडण्याआधी साड्या उपसतो. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावेत आणि ते काम निघण्याच्या आठवडाभर आधी उरकावे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात आणि सणाच्या तोंडावर लॉकरसाठी ताटकळावे लागते. लॉकर म्हणजे पूर्ण विमा नव्हे, हेही लक्षात घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक अशा कारणांनी नुकसान झाले, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती असते. भाडे तीन हजार असेल तर भरपाई जास्तीत जास्त तीन लाख होते, आणि सोन्याचा आजचा भाव पाहता एका कुटुंबाचे दागिने त्यापलीकडे सहज जातात. म्हणून प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि पावती जपावी आणि दागिन्यांचा विमा वेगळा पाहावा. घराच्या साध्या विम्यातही आग-पुराचे संरक्षण मूळचे असले तरी घरफोडीचे बहुधा वेगळे घ्यावे लागते, आणि घर सलग ३० दिवसांहून अधिक रिकामे राहणार असल्यास कंपनीला आधी कळवण्याची अट अनेक पॉलिसींत असते.

पाणी, वीज, गॅस आणि देवघर

चोरीची भीती जास्त वाटते, पण सुटीतले नुकसान पुष्कळदा पाण्याने होते. पाणीपुरवठा बंद असलेल्या दिवशी नळ फिरवून पाहिला, पाणी आले नाही म्हणून तो तसाच उघडा राहिला आणि कुटुंब गाडीत बसले, की रात्री पाणी येते आणि सकाळी खालच्या मजल्याच्या छतातून ठिबकू लागते. फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे निदान घरातल्या दोघांना ठाऊक असावे. तो बंद करून निघावे, शिवाय वॉशिंग मशीन आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचे नळ वेगळे बंद करावेत, कारण त्यांच्या बारीक नळ्या दाबाने सुटतात. गणपतीत पाऊस अजून संपलेला नसतो, तेव्हा बाल्कनीतल्या जाळीवरची पाने काढून पाणी वाहून जाईल एवढे पाहावे.

याच पाण्याचा दुसरा त्रास डासांचा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत त्यांतून नवे डास तयार होतात. म्हणजे सुटी पंधरा दिवसांची असेल तर आपण परत येईपर्यंत घरात पिढी तयार असते. कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घालाव्यात, बादल्या-पिंप कोरडे करावेत, कमोडचे झाकण लावावे. फ्रिजच्या मागे खाली एक ट्रे असतो, त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तो ओढून पाणी फेकून पुसून ठेवावा.

विजेची बटणे एकेक करून बंद करण्यापेक्षा गीझर, एसी आणि प्लगच्या एमसीबी, म्हणजे मुख्य पेटीतल्या खटक्या, खाली पाडाव्यात आणि फ्रिज व राउटरची तेवढी चालू ठेवावी. सुटी मोठी असेल तर फ्रिज रिकामा करून, बंद करून, दार किंचित उघडे ठेवणेच बरे. तो चालू ठेवायचा असेल तर एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर नाणे ठेवावे. परत आल्यावर नाणे तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात वीज बराच वेळ गेली होती हे कळते आणि फ्रीझरमधले मासे मुकाट्याने टाकून देता येतात.

सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करणे पुरेसे नाही, तो काढून सिलिंडरला टोपी लावावी. महानगर गॅसची जोडणी असेल तर शेगडीजवळची आणि मीटरजवळची अशा दोन्ही चाव्या बंद कराव्यात. त्यानंतर देवघर. प्रवासाला निघताना देवापुढे दिवा लावून, हातावर दही घेऊन बाहेर पडायची आपली रीत आहे, आणि तो दिवा तेवत ठेवून दार ओढले जाते. वात कलंडून, उंदराने ओढून किंवा उदबत्तीचे टोक कापसाच्या वस्त्रावर पडून आग लागायला वेळ लागत नाही. दिवा निघण्याच्या तासभर आधी लावावा आणि दार लावण्यापूर्वी शांत करावा. देव यात काही मानून घेणार नाहीत. दिवाळीत बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, पुठ्ठ्याचे खोके आणि जुनी रद्दी आत घ्यावी, कारण रॉकेट कोणाची बाल्कनी निवडेल हे सांगता येत नाही.

घरात आजी-आजोबा मागे राहणार असतील, तर त्यांच्यासाठी वेगळी तजवीज लागते. गॅस तपासणी, वीजमीटर किंवा केवायसीच्या नावाने आलेल्या माणसासाठी साखळी न काढता बोलावे आणि शेजाऱ्यांना हाक मारावी, एवढा नियम ठरवावा. “आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर फोन करा” असा संदेश आला तर तो फसवणुकीचा समजावा. फोनवर ‘डिजिटल अटक’ करणारा कोणताही पोलीस कायद्यात नाही, हे त्यांना दोनदा सांगितले तरी चालेल. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे. तो आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनशेजारी लावून ठेवावा.

प्रवासात

फसवणूक बऱ्याचदा घर सोडण्याआधीच होते. कोकणातल्या होमस्टेचे सुंदर फोटो दाखवून पूर्ण रक्कम आगाऊ मागणारा माणूस त्या घराचा मालक असतोच असे नाही. नकाशावर दिलेल्या क्रमांकाशिवाय दुसऱ्या एखाद्या मार्गाने, म्हणजे गावातल्या ओळखीतून किंवा आधी राहून आलेल्यांकडून, खात्री करावी. इंटरनेटवर शोधून मिळालेले कस्टमर केअरचे क्रमांक वापरू नयेत. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, पैसे मिळवण्यासाठी कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

कोकण कन्यासारख्या रात्रीच्या गाड्यांना ठाण्याला चढताना होणाऱ्या रेटारेटीत गळ्यातली चेन आणि मागच्या खिशातला फोन जातो, म्हणून दोन्ही आधीच आत ठेवावे. बॅगा खालच्या बर्थखालच्या लोखंडी कड्यांना साखळीने बांधाव्यात, उशाशी फक्त पर्स ठेवावी, आणि गाडी सिग्नलला मंदावलेली असताना खिडकीपाशी फोन धरून बसू नये. अनोळखी प्रवाशाने दिलेले खाणे-पिणे नम्रपणे नाकारावे. बॅगेच्या चकतीवर फोन क्रमांक लिहावा, घराचा पत्ता लिहू नये. चोरी झालीच तर रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर किंवा टीटीईकडे तक्रार करावी. घटना कोणत्या हद्दीत घडली या वादात थांबण्याची गरज नाही, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी पोलीस ठाण्याला गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. फोन गेला तर सिम बंद करून दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरून तो हँडसेट अडवता येतो, पण त्यासाठी फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, घरी कागदावर लिहिलेला असायला हवा.

चोरापेक्षा पाणी अधिक बळी घेते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली, तेव्हा थोड्या वेळापूर्वी ती उथळ प्रवाहात उभी होती. वर डोंगरात पडलेला पाऊस खाली पोहोचायला काही मिनिटे लागतात आणि तो येताना दिसत नाही. खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर पावसाळ्यात बंदी घातली जाते ती याच कारणाने. समुद्रात, विशेषतः गणपतीपुळ्यासारख्या उतरत्या किनाऱ्यावर, पायाखालची वाळू ओढली जात असेल तर गुडघ्यापुढे जाऊ नये. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे आणि ओढ संपल्यावर वळावे. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, भरतीला त्याला पाणी वेढते, आणि अमावास्या-पौर्णिमेला ते नेहमीपेक्षा जास्त चढते. आत शिरण्याआधी परतीची वेळ स्थानिकांना विचारावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नील कमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली. पण जॅकेट अंगावर घालून पट्टे आवळलेले असतील तरच कामाचे. मांडीवर ठेवलेले नव्हे.

परत आल्यावर

दार उघडताच गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नये, बेल वाजवू नये आणि तिथे उभे राहून फोनही करू नये. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो आणि पाइपचा गॅस हलका असल्याने छताकडे जातो. म्हणून दारे आणि खिडक्या दोन्ही उघडून, चावी बंद करून बाहेर यावे आणि बाहेरूनच फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे, पाइप गॅसचा क्रमांक बिलावर छापलेला असतो.

दार फोडलेले दिसले तर आत जाऊ नये; चोर अजून आत असू शकतो, आणि आपल्या बोटांचे ठसे त्याच्या ठशांवर उमटतात. ११२ वर फोन करून जिन्यात थांबावे. पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत कपाट आवरायला घेऊ नये, कितीही जिवावर आले तरी. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. ती घ्यावी, गेलेल्या वस्तूंची यादी फोटो आणि पावत्यांसह जोडावी आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवावे. चेकबुक किंवा कार्डे गेली असतील तर बँकेला आधी, आणि किल्ल्यांचा जुडगा सापडत नसेल तर त्या रात्री झोपण्यापूर्वी कुलूप बदलून घ्यावे.